चहामधला ह

त्यांच्यावर रागावलेली माणसं यवतमाळात पुष्कळ होती. मी त्यांतलाच एक. बाकीचे बहुतेक आता गेले, मी उरलो आहे आणि माझा रागही उरला आहे.

ते स्वतः सकाळी उठल्यापासून रागात असत. दाराची कडी वाजली की आतून "कोण?" असं काही विचारत, की आलेला माणूस नाव सांगायच्या आधी माफी मागायचा. पण पैशावरून, जेवणावरून किंवा मानपानावरून त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यांचा राग शब्दांवरून असे. कोणी एखादा शब्द चुकीचा वापरला तर तेही ते सोसायचे. पण शब्दाचा खोटा बाप दाखवला की कपाळावरची शीर उभी राहायची. एरवी कचेरीतली स्वच्छ मराठी बोलणारा हा माणूस तेव्हा सरळ वऱ्हाडीवर यायचा.

"शब्दाले बाप असते बे. तू त्याच्या घरी जाऊन विचारलं काय? नाई ना? मंग चूप बस."

आमच्या कचेरीत ते रेकॉर्डकीपर होते. कचेरी कोणती ते सांगत नाही. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. ते नोकरीला लागले तेव्हा आमचा मुलूख सीपी-बेरार, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाड, होता. मग मध्यप्रदेश झाला, छप्पन साली आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि साठ साली महाराष्ट्र आला. "मी खुर्चीवरून उठलो नाही," ते म्हणत, "माझ्या खुर्चीखालून तीन राज्यं निघून गेली." राज्य बदललं की जुने छापील फॉर्म बाद होत. त्यांचे गठ्ठे रेकॉर्डरूममध्ये धूळ खात पडले होते. त्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर बाबूजी शब्द लिहीत. एका कागदावर एकच शब्द. तो कोणाच्या तोंडून ऐकला, कुठं ऐकला, म्हणणाऱ्याचं गाव कोणतं, त्याचा बाप काय म्हणायचा, सगळं बारीक अक्षरात. "कळंबच्या चिंतामणीच्या यात्रेत, बांगड्या विकणारी बाई." "नेरचा कापूस बाजार, हमाल, वय साठीचं." अशा कागदांनी दोन कपाटं भरली होती. कशासाठी, असं विचारलं की ते म्हणायचे, "रेकॉर्ड कशासाठी ठेवतात?" आणि वर चिडायचे.

मी एकोणसाठ साली तिथं कारकून म्हणून लागलो. मी नेरजवळच्या तांड्यावरचा, बंजारा. आमच्या तांड्यात मॅट्रिक झालेला पहिलाच. माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, मला नवा पांढरा सदरा शिवून घेतला होता आणि तो मळू नये म्हणून मी कचेरीत भिंतीला टेकतसुद्धा नव्हतो.

साहेब नवे होते, पुण्याकडून आलेले. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांच्याकडे दोन पाहुणे बसले होते. शिपाई कुठंतरी गेलता. मी आपण होऊन दारात गेलो आणि म्हणालो, "साहेब, चा आणू का?"

साहेबांनी मान वर केली. "कुणाचा?"

मला काही कळलं नाही. "चा जी, साहेब."

"हो, पण कुणाचा? रामाचा? गोविंदाचा?" पाहुणे हसले. "अहो, 'चा' हा प्रत्यय आहे. षष्ठीचा. जे पितात त्याला चहा म्हणतात. म्हणा पाहू. च-हा."

"चहा."

"मोठ्यानं."

"चहा."

"आता इथं बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं."

बाहेरचे सगळे कान देऊन बसलेच होते. मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा अख्खी कचेरी हसली. हसण्यात वऱ्हाडातलेच जास्त होते, घरी जे स्वतः चा म्हणतात ते. याचा मला साहेबांपेक्षा जास्त राग येतो.

तेवढ्यात रेकॉर्डरूमचं दार आपटलं आणि बाबूजी आले. बुटके, काळी टोपी, काळा कोट, कोपरांपर्यंत धूळ. मला बाजूला सारून ते थेट टेबलापाशी गेले.

"साहेब, मधला ह कुठून आणला?"

"काय?"

"हा चा म्हणतो, तुम्ही चहा म्हणता. तुमच्याकडे एक ह जास्त आहे. तो कुठून आणला? चीनमध्ये चा. बंगालात चा. पोर्तुगीज माणूस चा म्हणतो. इराणात चाय, रशियात चाय. वाटेत कुठंही ह नाही. मग तो मध्येच कुठं चढला?"

"बाबूजी, प्रमाण भाषा नावाची एक गोष्ट असते."

"असते ना. ज्याची कचेरी त्याची प्रमाण." शीर उभी राहिली होती. "मले तो ह अजून सापडला नाई. म्हणून मी तो दुसऱ्याच्या तोंडात कोंबत नाई. या पोराची माय जे म्हणते ते अर्धं जग म्हणते. अन् तुम्ही हसून राह्यले? काहून हसता?"

शेवटचं वाक्य ते वळून सगळ्या कचेरीला म्हणाले. साहेबांनी फाईल उघडली.

ऐकणाऱ्याला वाटेल, मला त्यांचे पाय धरावेसे वाटले असतील. अजिबात नाही. साहेबांनी मला तीनदा चहा म्हणायला लावलं होतं आणि बाबूजींनी माझ्या याडीला भर कचेरीत आणून उभं केलं होतं. मला त्या दिवशी दोघांचाही सारखाच राग आला. बाबूजींनी तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ते माझ्यासाठी आलेच नव्हते. ते ह साठी आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रेकॉर्डरूममध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"तुही माय चा म्हणते. आजी?"

"ते बी चाच म्हणे जी."

"तुमचे लोक लदेणी करत. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून गावोगाव नेत. बरोबर? मला वाटते, गोणीत मीठ दिसते, शब्द दिसत नाही, पण तोही लादलेला असते. तुझ्या पणजोबानं चा नेला का?"

त्यांना खूश करावं म्हणून मी म्हणालो, "नेला असंन जी."

त्यांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की शाई सांडली. "असंन? असंन म्हणजे काय? माहीत नाही म्हण! जा, तांड्यात जाऊन सगळ्यात म्हातारं माणूस असंन त्याले विचार."

आपण स्वतःच 'असंन' म्हणालो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मी रविवारी तांड्यात गेलो. बापाची आत्या सगळ्यांत म्हातारी होती. ती म्हणाली, चा तिनं पहिल्यांदा नेरच्या बाजारात पाहिला. एक माणूस मोटार घेऊन आला होता. मोठ्या भांड्यात उकळून फुकट वाटत होता. बायांना वाटलं, तापाचं औषध आहे. म्हणून ज्यांच्या घरात तापकरी होतं त्यांनीच घेतला. मोटारीवरचा माणूस ओरडत होता, "चा घ्या चा."

मी हे भीत भीत बाबूजींना सांगितलं. कारण त्यांची लदेणीची कल्पना साफ मोडत होती. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मोटारीचा रंग विचारला. मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

"म्हणजे बैलावरून नाही आला. मोटारीतून आला. मी चुकलो!" एखाद्याला मुलगा झाल्यासारखे ते म्हणाले. "मी वीस वर्षं चुकून राह्यलो होतो, पाह्य!"

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जायला लागलो. आवडायला लागले म्हणून नव्हे. माझ्या आत्याआजीचं बोलणं या कचेरीत कोणीतरी शाईनं लिहून कपाटात ठेवलं होतं, म्हणून.

कचेरीसमोर एक हॉटेल होतं. त्याचा मालक बोलघेवडा. एकदा कप ठेवताना तो म्हणाला, "बाबूजी, ज्याची माणसाले चाह लागते, तो चहा. आहे का नाही?" बाबूजींनी भरलेला कप तसाच ठेवला आणि उठले. "चाह हिंदीतून आली, हा चीनमधून. दोघं एकमेकांले ओळखतसुद्धा नाहीत अन् तू त्याईची सोयरीक लावून राह्यला?" त्यानंतर वर्षभर ते त्या हॉटेलात चढले नाहीत. उन्हातान्हात चौकापलीकडे जाऊन चा पिऊन यायचे. मला या हट्टाचा कंटाळा यायचा. बरोबर जावं लागायचं ते मला.

बाजाराच्या रस्त्याला एका चिनी दातवाल्याचं दुकान होतं. पाटीवर लाल रंगात भलामोठा जबडा काढलेला. तो आणि त्याची बायको दोघंही कलकत्त्यात वाढलेले, तिथून नागपूरला आणि नागपूरहून यवतमाळला आलेले. तो हिंदी बोलायचा, अधूनमधून बंगाली मिसळून. बाबूजींचे सगळे दात शाबूत होते, तरी ते दर रविवारी त्याच्याकडे जात. एका रविवारी मलाही नेलं.

आत बायकोनं किटलीतून बिनदुधाचं फिकं पाणी वाट्यांत ओतलं. बाबूजींनी वाटी उचलून दातवाल्याला विचारलं, "इसको क्या बोलते?"

"बाबूजी, कितनी दफे बोलूँ?" तो बिचारा दमलेला होता. "चा."

म्हणजे अगदी चा नव्हे. च आणि छ यांच्या मधलं काहीतरी, आणि शेवटी सूर थोडा वर चढलेला, प्रश्न विचारल्यासारखा.

"और भाभी, आप?"

बाई लाजून हसली. "ते."

बाबूजी माझ्याकडे वळले. डोळे असे चमकत होते, की जणू ही दोन माणसं त्यांनीच घडवली होती. "ऐकलं? नवऱ्याचं घराणं चीनच्या आतल्या मुलखातलं, बायकोचं समुद्रकाठचं. खुष्कीच्या वाटेनं माल गेला, तिकडं नवऱ्याचा शब्द गेला. बायकोच्या बंदरात डच लोकांनी जहाजं भरली, तिकडं बायकोचा गेला. विलायतेतला टी या बाईचा. तुझ्या मायचा चा या माणसाचा. अख्खी दुनिया या दोघांच्या स्वयंपाकघरातून निघाली आहे."

"मंग पोर्तुगीज जहाजानं जाऊन चा काहून म्हणतात जी?"

"ते दुसऱ्या बंदरातून गेले. मधे बोलू नको."

पण परतताना रस्त्यात थांबून ते म्हणाले, "प्रश्न चांगला विचारला." तीन वर्षांत त्यांनी माझं केलेलं एवढंच कौतुक.

मग बासष्ट साल आलं. चीननं हल्ला केला. त्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्या अंगात जे पेटलं होतं ते खोटं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. माझ्या याडीनं पायातलं चांदीचं वाळं उतरवून सैनिकांसाठी दिलं. कचेरीत रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या कोणी ना कोणी सांगायचं आणि आमच्या मुठी वळायच्या.

साहेबांनी कचेरीच्या अंगणात सभा घेतली. बोलता बोलता त्यांचा आवाज तापला. ते म्हणाले, चिन्यांनी आपलं सगळंच पळवलं आहे. साधा चहा घ्या. हा शब्द मूळचा संस्कृतातला, आपला. तोसुद्धा त्यांनी स्वतःचा म्हणून जगाला विकला.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब, लढाई लागली म्हणून शब्दाचा बाप बदलत नाही," बाबूजी म्हणाले. "जमिनीसाठी लढा. मीही लढतो, कुठं उभं राहू ते सांगा. पण हा शब्द त्यांचा आहे. चोरी आपण करून राह्यलो अन् चोर त्याले म्हणून राह्यलो."

कोणीतरी ओरडलं, "चिन्यांचा चमचा!"

बाबूजी गरकन वळले. "चमचा तुर्की शब्द आहे. समजून वापर."

त्या क्षणी मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. एवढ्या माणसांत, अशा दिवसांत, गप्प बसायला काय जात होतं? आजही तो प्रसंग आठवला की आधी हाच राग येतो. मग दुसरा येतो, स्वतःवरचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दातवाल्याच्या दुकानासमोर शेदीडशे माणसं जमली. मीही त्यांत होतो. नुसतं बघायला गेलतो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. दार आतून बंद होतं आणि ओट्यावर, त्या लाल जबड्याच्या पाटीखाली, बाबूजी मांडी घालून बसले होते. कोट, टोपी, सगळं नीट.

"बाबूजी, बाजूला व्हा!"

"आत्ता काय पिऊन आले बे तुम्ही?" त्यांनी उलट विचारलं. "मी पाह्यलं तुम्हाले, चौकातल्या हॉटेलात. काय पिले?"

एकानं भाबडेपणानं सांगितलं, "चा."

"कोणाचा शब्द आहे तो? आतल्या माणसाचा. कशात पिले? कपात. कप कायचा? चिनी मातीचा! त्याईचं सगळंच नको ना? मंग थुका! पोटातलं थुका, मंग या दारापाशी."

क्षणभर माणसं खरंच थबकली. काही जण हसले. तिथंच ते मिटलं असतं. पण मागून एक दगड आला आणि पाटीला लागला. मग दुसरा. कोणीतरी बाबूजींची टोपी उडवली. ते जागचे हलले नाहीत. उघड्या डोक्यानं, लाल चेहऱ्यानं, ते मोठमोठ्यानं माणसांची नावं घेत राहिले. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाच्या बापाचं नाव, गाव. रेकॉर्डकीपरला सगळी नावं पाठ होती. ज्याचं नाव घेतलं तो मागं सरकायचा. माझ्यावर नजर आली तेव्हा ते थांबले आणि माझं नाव न घेता पुढच्यावर गेले.

पाटी पडली. पण दार फुटलं नाही. पोलीस आले, गर्दी पांगली. दोन दिवसांनी एक जीप आली आणि नवराबायकोला घेऊन गेली. वरचा हुकूम होता म्हणतात. ती दोघं परत यवतमाळात आली नाहीत. कुठं गेली ते मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला आत बोलावलं. या वेळी बस म्हणाले.

"रेकॉर्डकीपर त्या चिन्याच्या घरी जात असत?"

"जात होते जी. शब्द विचाराले."

"तुम्हीही गेला होतात म्हणे."

त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही. जे खरं आहे तेवढंच लिहा. खोटं एक अक्षर नको. आणि ते ज्या कागदांवर काय काय लिहीत बसतात, ते कागद सरकारी आहेत की कसं, तेही लिहा."

मी लिहिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. ते दर रविवारी जात, हे खरं होतं. सभेत ते तसं बोलले, खरं होतं. कागद बाद झालेल्या सरकारी फॉर्मांचे होते, हेही खरं होतं. साहेबांना यांतलं शेवटचंच हवं होतं. हेरगिरी सिद्ध करता येत नाही. कागद सिद्ध करता येतात. बाद फॉर्म नष्ट करण्याचा हुकूम कधीचा निघालेला होता, कोणी पाळला नव्हता. आता पाळला.

सकाळी अकराला, कचेरीच्या अंगणात, दोन्ही कपाटं रिकामी केली. मी खिडकीत उभा होतो. शिपायानं रॉकेल ओतलं. बाबूजी धावत आले. मला वाटलं, ते आता आगीत हात घालतील. पण ते शिपायावर ओरडले, "यादी केली का? रेकॉर्ड जाळायच्या आधी यादी करावी लागते! यादी कुठं आहे?" शिपाई साहेबांकडे बघायला लागला. साहेब आत गेले. "यादी केल्याशिवाय जाळता येत नाई! नियम आहे! कोण करून राह्यलं यादी?" कोणीच करत नव्हतं. ते आगीभोवती फिरत, जळणारे कागद वाकून वाचत, ओरडत राहिले. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांच्याही आणि शिपायाच्याही.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दार उघडलं आणि आत गेल्या. बाबूजींच्या हातात माझ्या जबाबाची नक्कल होती. आरोपपत्राबरोबर त्यांना मिळाली होती.

"हे तुझं अक्षर?"

"हो जी."

"तिसरी ओळ वाच."

मी वाचलं. "सदर इसम चहा या शब्दाच्या चौकशीकरिता..."

"चहा!" कागद त्यांनी माझ्या तोंडासमोर नाचवला. "तू चहा लिहिलं! मी दर रविवारी चा विचाराले जात होतो. चा! माझ्या नावानं दिलेल्या कागदात तू साहेबाचा ह घातला! तुझ्या आत्याआजीचा कागद जळला तो जळला. तुही जीभ तर तुझ्यापाशी होती ना बे?"

मी मान खाली घालून उभा होतो. काय झालं कोण जाणे, माझ्याच तोंडून माझ्या बापासारखा आवाज निघाला.

"तुम्हाले ह दिसला! बाकी काहीच दिसलं नाई? तुमचं घर आहे, तुमचा बाप कचेरीत होता, आजा कचेरीत होता. तुम्हाले हाकललं तं तुम्ही इथं आरामखुर्चीत बसून रागवाल. मले हाकललं तं मी कुठं जाऊ? तांड्यात लोक पोरांले मले दाखवतात, की शिका अन् याच्यासारखे व्हा. मी परत गेलो तं उद्या एकही पोरगं शाळेत जाणार नाई. भेव वाटलं मले! म्हणून लिहिलं! चा लिहाची हिंमत तुमच्यासारख्याले परवडते!"

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

बाबूजी खाली बसले आणि कागदाची नीट घडी घातली.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "हे लिहायला पाहिजे होतं."

मी दारापर्यंत गेलो तेव्हा पाठीमागून आवाज आला. "तुझं खरं आहे. पण मी तुले माफ करत नाई. दोन्ही राहू दे."

त्यांना रेकॉर्डरूममधून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथं कागदावर शिक्का मारण्यापलीकडे काम नाही. निवृत्त होईपर्यंत ते शिक्के मारत राहिले, दर शिक्क्याला टेबल हलायचं. माझ्याशी कामापुरतं बोलत. त्यांनी पुन्हा शब्द लिहायला घेतल्याचं मी पाहिलं नाही. साहेब बढती मिळून गेले. मी कायम झालो. तांड्यातली आणखी चार मुलं मॅट्रिक झाली. निवृत्तीनंतर बाबूजी काकूंच्या माहेरी, कळंबला, राहायला गेले आणि दोनेक वर्षांनी तिथंच वारले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंनी निरोप मला पाठवला. का मलाच, ते मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला मी त्यांच्याबरोबर गेलो. टेबलामागं पंचविशीतला कारकून होता. नाव, वय, गाव, जात त्यानं भराभर लिहिलं.

"धंदा?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या पदर सावरत शांतपणे म्हणाल्या, "भांडण लिहा."

कारकून हसला. काकू हसल्या नाहीत. "निवृत्त रेकॉर्डकीपर लिहू?" त्यानं मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "शब्दसंग्राहक लिहा."

"असा धंदा नसतो जी."

"असतो."

"पण पगार कोण देते याचा? मी निवृत्त नोकर लिहितो ना. काय फरक पडते आता?"

आठ-दहा वर्षांच्या नोकरीत कोणत्याही टेबलासमोर मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय बोललो ते सगळं आठवत नाही. मागची रांग तुटली, शेजारच्या खोलीतून माणसं बाहेर आली, कोणीतरी माझा दंड धरला आणि मी तो झिडकारला. मी म्हणालो की लिहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही, आणि हललो नाही. काकू भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या, गर्दीतल्या इतर बायांसारख्या, जणू हे रोजचंच होतं.

शेवटी कारकुनानं वैतागून टाक उचलला आणि लिहिलं. मी वाकून पाहिलं. त्यानं 'शब्दसंग्रहक' लिहिलं होतं.

मी त्याला ते खोडून पुन्हा लिहायला लावलं.